अर्धा तास बसा

धुडकूला साखर कशी लागली, ही गोष्ट सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत इतक्यांदा सांगून झाली होती की "मग सिस्टर म्हणाली" इथपर्यंत आलं की ओट्याखालची कुत्रीसुद्धा उठून दुसऱ्याच्या दारात जाऊन बसत. कलाबाईला तशी सोय नव्हती. ती धुडकूची बायको होती.

गोष्ट अशी होती. करोनाच्या दुसऱ्या वर्षी धुडकू ज्या लूमच्या कारखान्यात होता, तिथल्या शेठने कामगारांसाठी लसीचा कॅम्प लावला. पत्र्याच्या शेडमध्ये एका टेबलावर सुई, आणि शेजारच्या टेबलावर साखर-बी.पी.ची फुकट तपासणी. कारण शेठच्या साडूने तेव्हा नवी लॅबोरेटरी काढली होती आणि त्याला गिऱ्हाईक हवं होतं. धुडकूने सुई घेतली. सिस्टर म्हणाली, "अर्धा तास बसा, काका. काही होतंय का बघू." धुडकू बसला. बसून बसून कंटाळा आला, फुकट आहे तर कशाला सोडा म्हणून त्याने शेजारच्या टेबलावर बोट पुढं केलं. यंत्रावर जो आकडा आला तो बघून लॅबवाल्याने यंत्र झटकलं आणि दुसरं बोट मागितलं. आकडा तोच.

"ती म्हणाली, काही होतंय का बघू," इथं धुडकू आवाज खाली आणायचा, "आणि झालं. अर्ध्या तासात. माझ्या डोळ्यांदेखत."

"पण त्याच्याआधी कधी तपासली होती का?" हे कलाबाई तेव्हापासून विचारत आली होती.

"नव्हतीच, तर तपासू कशाला?"

या उत्तरापुढं कलाबाईची मती गुंग व्हायची. त्यात चूक कुठं आहे ते तिला दिसायचं, पण हाताने धरून दाखवता यायचं नाही. पाण्यातल्या साबणासारखी ती चूक निसटायची.

बरं, एकटा धुडकू असता तर निभावलं असतं. ओट्यावर त्याची सभा भरायची. बळीराम, मूळचा परभणीकडचा, कारखान्यातला जुना जोडीदार, सांगायचा की दुसऱ्या डोसपासून त्याचे केस गेले. कलाबाईने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही त्याच्या डोक्यावर ऊन थेट पडत होतं, पण ते वेगळं. लोटू, पर्वत पाटियाच्या बाजारात साड्यांची पार्सलं बांधणारा, याचं म्हणणं असं की सुईनंतर त्याला एका कानाने ऐकू येईना.

"कोणत्या कानाने?" कलाबाईने एकदा विचारलं होतं.

"घराकडे असतो त्या," लोटू म्हणाला होता.

आणि शेजारच्या शोभाबाईचा भाऊ? तो तर कॅम्पच्या दिवशी मागच्या दाराने पळाला, आजतागायत एकही सुई घेतली नाही, आणि त्याला धुडकूपेक्षा जास्त साखर निघाली. कलाबाईने हे मोठ्या आशेने सभेपुढं मांडलं. सभेने बराच वेळ विचार केला. मग धुडकू म्हणाला, "सुई घेतलेल्यांच्या घरी जेवला असंल."

सभेला ते पटलं.

आता हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, आणि कलाबाईने नेलंही होतं. पण दीड वर्षापूर्वी धुडकूच्या डाव्या पायाचं बोट गेलं. चपलेने घासून झालेली एवढीशी जखम, ती भरेचना. मोठ्या दवाखान्यात नेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, बोट काढावं लागेल. लूमवर पाळीभर उभं राहायचं काम सुटलं. माणूस ओट्यावर आला. मुलगा गोपाल बमरोलीच्या डाइंग मिलमध्ये रात्रपाळी करून दिवसा झोपायचा, घर त्याच्या पगारावर चालायचं, आणि धुडकूला दिवसभरात करण्यासारखं एकच काम उरलं होतं. ते म्हणजे नातीला मांडीवर घेऊन बसणं.

नात क्रिशा. नऊ महिने पूर्ण झालेली, गालांनी डोळे झाकून टाकलेली पोर. आजोबाच्या मिशा धरून उभी राहायची. आणि नेमकी तिच्याच गोवराच्या सुईची वेळ आली होती.

"नाही," धुडकू म्हणाला.

सून धनश्री सासऱ्याला मामा म्हणायची आणि त्यांच्याशी बोलताना पदर नीट करायची, त्यामुळं तिचं बोलणं पदरापाशीच थांबायचं. गोपालला विचारलं तर तो उशीतून म्हणायचा, "आबा म्हणतील तसं करा, मला झोपू द्या." असा एक बुधवार गेला. बुधवारी अंगणवाडीत ममता दिवस असायचा, म्हणजे लेकरांच्या सुया आणि बायांच्या तपासण्या. मग दुसरा बुधवार गेला. त्या आठवड्यात मागच्या गल्लीत एका भाडेकरूच्या पोराला गोवर निघाला. त्या घराच्या दाराला लिंबाचा डहाळा लागला, पोर ताप आणि खोकल्याने सुकून गेलं, शेवटी दवाखान्यात न्यावं लागलं. त्याच घरी दोन दिवस आधी धुडकू नातीला कडेवर घेऊन चहा पिऊन आला होता.

"आता तरी द्या ना सुई," कलाबाई म्हणाली.

"गोवर येतो आणि जातो. साखर येते ती जात नाही," धुडकू म्हणाला. मग त्याने मोबाईल पुढं केला. त्यात पांढरा कोट घातलेला एक गृहस्थ गाडीत बसून सांगत होता की लहान मुलांना जन्मभराचे आजार का लागतात ते कंपन्या तुम्हाला सांगणार नाहीत. गाडी चालू होती आणि त्याचं लक्ष रस्त्याकडे नव्हतं. त्या गृहस्थाच्या जिवाची कलाबाईला जास्त काळजी वाटली.

"हा कोण?"

"डॉक्टर."

"कशाचा?"

"मोठा. बारा लाख लोकांनी बघितलंय."

"आगीचा बंबपण लोक बघतात," कलाबाई म्हणाली आणि भांडी घासायला गेली. भांड्यांनी मग बराच वेळ तिची बाजू मांडली.

तिसऱ्या आठवड्यात लीलाबेन घरी आल्या. त्या या भागाच्या नर्स. गुजराती, पण खानदेशी वस्तीत वर्षं काढल्यामुळं मराठी बोलायच्या आणि अहिराणीत रागवायच्या. त्या ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "काका, लोचा काय आहे तेवढं सांगा. मी भांडायला नाही आली."

धुडकूने गोष्ट सांगितली. कॅम्पपासून. लीलाबेनने ती पूर्ण ऐकली, हे मानलं पाहिजे. "मग सिस्टर म्हणाली" या ठिकाणी कुत्री उठून गेली तरी लीलाबेन बसून राहिल्या.

"काका, अर्धा तास बसवतो ते ॲलर्जीसाठी," त्या म्हणाल्या. "एखाद्याला, फार क्वचित, सुईनंतर लगेच अंगावर गांधी येतात, श्वास लागतो. ते पहिल्या अर्ध्या तासात कळतं, आणि त्याचं इंजेक्शन माझ्या पेटीत असतं. गोवरच्या सुईनं ताप येऊ शकतो. आठ-दहा दिवसांनी अंगावर बारीक पुरळ उठू शकतं. हे मी लपवत नाही. पण डायबिटीस? देशोदेशी लाखो मुलं वर्षानुवर्षं बघितली लोकांनी. सुई घेतलेली आणि न घेतलेली. फरक निघाला नाही."

"लाखांत माझी नात होती का?"

"नव्हती."

"झालं तर," धुडकू म्हणाला. "आमच्या क्रिशाला आजवर एक सुई नाही लागली. बघा कशी शे. लोण्याचा गोळा."

इथं धनश्री आणि कलाबाईने एकमेकींकडे पाहिलं नाही, आणि दोघींनी एकदम पाहिलं नाही म्हणून लीलाबेनना कळलं. त्यांनी पर्स उघडून पोरीचं कार्ड मागितलं. धनश्रीचं बाळंतपण माहेरी झालं होतं, पारोळ्याला. ती सुरतेला परतली तेव्हा पोर पाच महिन्यांची होती.

"मामा," धनश्री पदर सोडून बोलली, कारण आता पदराचा उपयोग नव्हता, "माझ्या आईनं सगळ्या सुया दिल्या आहेत. जन्मल्याबरोबर एक, मग दीड महिन्याला, मग पुढच्या दोन्ही वेळच्या. मांडीत, दंडात. सगळ्या."

कलाबाईला वाटलं, सुटलं एकदाचं. इतक्या सुया घेऊन पोर लोण्याचा गोळा आहे, हे स्वतः धुडकूनेच आता म्हटलं होतं. आता हा कुठून निसटणार?

धुडकूने नातीकडे खालून वर पाहिलं.

"तरीच," तो म्हणाला, "रात्री रडते."

लीलाबेन उठल्या. "काकी," त्या कलाबाईला दारापर्यंत नेऊन हळूच म्हणाल्या, "बुधवारी आणा. सुई लागू व्हायला पंधरा दिवस तरी जातात, आणि मागच्या गल्लीत अजून दोन घरी ताप आहे. मी काकांना नाही समजावू शकत. मला संध्याकाळपर्यंत आणखी अकरा काका बाकी आहेत."

त्या गेल्यावर कलाबाईने आवाज चढवला. गोपाल जागा झाला, शोभाबाई पलीकडच्या दारात येऊन उभी राहिली, आणि कलाबाई जे आजवर बोलली नव्हती ते सगळं बोलली. आडमुठा म्हणाली, हटवादी म्हणाली, त्या गाडीतल्या डॉक्टरच्या घराण्याचा उद्धार केला.

धुडकू उलट ओरडला नाही. त्याने पायातली चप्पल काढून डावा पाय पुढं केला. जिथं बोट होतं तिथं गुळगुळीत कातडी होती.

"हे एवढंसं पोर शे, कला," तो म्हणाला. "हिला रोज बोटाला टोचायचं? गोड नाही द्यायचं? हिचा पाय कापायची वेळ आली तर मी कोणाले तोंड दाखवू? माझं मी बसलो होतो त्या खुर्चीवर. हिला मी कसा बसवू?"

म्हणजे हा नुसता हट्ट नव्हता. माणूस घाबरला होता. हट्टी माणसाशी भांडता येतं, घाबरलेल्याचं काय करायचं? कलाबाईला क्षणभर त्याचा कळवळा आला, आणि त्या कळवळ्याचाच इतका संताप आला की ती आत जाऊन उगाच पिठाचा डबा उघडून पुन्हा लावून आली. कारण पोर मिशा धरून उभी होती आणि मागच्या गल्लीत दोन घरी ताप होता, आणि याची भीती तिकडे न जाता इकडेच वळली होती.

त्या डब्यापाशीच तिला कानबाई आठवली.

यंदा त्यांच्या भाऊबंदांची कानबाई, खानदेशची श्रावणातली देवी, सुरतेला, धुडकूच्या घरी बसायची होती. नागपंचमीनंतरच्या रविवारी, म्हणजे तीन आठवड्यांवर. अमळनेर, पारोळा, नवापूर, उधना, सगळीकडून भाऊबंद येणार, बायापोरांसकट. घरातल्या दर पुरुषामागं सव्वा मूठ गहू मोजायचे, त्याचे रोट करायचे, पुरण, खीर, गंगाफळाची भाजी. रात्रभर गाणी आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तापीवर. धुडकूने बोट गेल्यापासून एवढ्या एकाच गोष्टीसाठी नवा सदरा शिवला होता. आणि रोटाचे गहू निवडायचा, दळायचा मान त्यांच्यात घरच्या थोरल्या बाईचा. पुरुषांनी मोजायचे, सुपाला हात लावायचा नाही. सून लावू शकते, पण सासूने म्हटल्यावर.

"धनश्री," कलाबाईने हाक मारली, "तुझा मोबाईल आण. भाऊबंदांच्या ग्रुपात बोलायचं कसं ते दाखव."

धनश्रीने माइकचं चिन्ह दाबून धरलं आणि मोबाईल सासूच्या तोंडापुढं धरला. कलाबाईला कुणी सांगितलं नव्हतं की हळू बोललं तरी चालतं.

"सगळ्यासले रामराम! मी कलाबाई बोली राह्यनू, सुरतथून. आमच्या गल्लीत गोवर शे. तुमच्या भाऊले नातीला सुई द्यायची नाही. तुम्ही लेकरं घेऊन येणार, माझी नात सगळ्यांच्या कडेवर फिरणार. उद्या तिला गोवर निघाला आणि वीस लेकरं तो घेऊन गावोगाव गेली, तर शिव्या माले बसतील. म्हणून सांगून ठेवते, सुई झाल्याशिवाय मी गहू निवडणार नाही. कानबाई कुठं बसवायची ते तुमचं तुम्ही बघा. चहा झाला का सगळ्यासना? बरं."

"आत्याबाई, शेवटचं कशाला?" धनश्री म्हणाली.

"रीत असते," कलाबाई म्हणाली.

ग्रुपात आजवर सुप्रभात आणि फुलांचे गुच्छ यांपलीकडे काही आलं नव्हतं. त्या दुपारी तो मोबाईल चुलीवरच्या झाकणासारखा खडखडू लागला. उधन्याच्या पुतण्याने विचारलं, कानबाई आमच्याकडे बसवू का? नवापूरहून एकाने लिहिलं की आम्ही तिकिटं काढली आहेत. कुणीतरी चुकून वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या आणि त्याखाली सहा जणांनी हात जोडले.

मग धुडकूचा फोन वाजला. शांताबाई. अमळनेरची, धुडकूची थोरली बहीण. तिने त्याला लहानपणी खांद्यावर वाढवलं होतं आणि अजून खाली ठेवलं नव्हतं. फोन कानापासून हातभर लांब धरूनही सगळ्या गल्लीला ऐकू येत होतं.

"धुडक्या! तुना डोकामां काय भुसा शे का रे?"

"अक्का, ऐक तर. सुईनं साखर…"

"तुले साखर सुईनं लागनी? माय गेल्यावर बाराव्याला तू एकट्याने बुंदीची परात संपवली होती! पंगत बसायची होती अजून!"

"अक्का, लोक ऐकून राहिले."

"ऐकू दे! बुधवारी सुई नाही झाली तर गुरुवारी मी येते. माझं सामान घेऊन. महिनाभरासाठी."

धुडकूने फोन ठेवला. बळीराम आणि लोटू ओट्यावर होते. दोघांना एकाच वेळी काम आठवलं. धुडकूने मान वळवून घरात एकदा नजर फिरवली. शांताबाई महिनाभर, हे त्याने मनात मांडून पाहिलं असावं.

"एका अटीवर," तो शेवटी म्हणाला. "मी सोबत येईन. अर्धा तास पोर माझ्याजवळ राहील. दुसऱ्या कोणाजवळ नाही."

"राहू दे."

"आणि शेजारी साखर तपासायचं टेबल असलं, तर मी तिथून उठून येईन."

"टेबल नाही तिथं," कलाबाई म्हणाली. "अंगणवाडी शे ती. घसरगुंडी शे."

बुधवारी सगळे निघाले. धुडकूने कानबाईचा नवा सदरा घातला होता. का, ते कुणी विचारलं नाही. अंगणवाडीत वाघ, ससे आणि बाराखडी रंगवलेल्या भिंतीखाली बायांची रांग होती आणि त्या रांगेत मिशीवाला एकच. लीलाबेनने पोरीचा दंड पुसला. धुडकूने तोंड फिरवलं आणि डोळे मिटले. त्यामुळं सुई कधी गेली ते त्याला पोरीच्या किंकाळीवरून कळलं. मग दुसऱ्या दंडात पोलिओची. मग लीलाबेनने चमचाभर पिवळसर औषध पोरीच्या तोंडात सोडलं. पोर रडायची थांबली आणि चमचा चाटू लागली.

धुडकूचे डोळे उघडले. "हे काय?"

"व्हिटॅमिन ए. डोळ्यांसाठी."

"गोड आहे?"

"थोडं."

धुडकूने कलाबाईकडे अशा नजरेने पाहिलं की जणू पोलीस येईपर्यंत तूच साक्षीदार आहेस. "पाहिलं?" तो म्हणाला. "इथूनच सुरू करतात."

"काका," लीलाबेन म्हणाल्या, "पाछळ बेसो. अर्धो कलाक." मागं बसा, अर्धा तास, एवढं सांगतानाही त्या मराठी विसरल्या होत्या, यावरून त्यांची सकाळ कशी गेली होती ते कळत होतं.

धुडकू लहान मुलांच्या खुर्चीवर बसला, गुडघे छातीशी घेऊन. क्रिशा त्याच्या मांडीवर. तो तिच्याकडे टक लावून बघत होता. तिने जांभई दिली, तो दचकला. तिने पाय झाडले, त्याने लीलाबेनना हाक मारली. उचकी लागली तेव्हा तो उभाच राहिला आणि खुर्ची त्याच्यासोबत वर आली. कलाबाईने ती मागून ओढून काढली. रांगेतल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. एकीने विचारलं, "आजोबांना पहिलीच नात का?" कलाबाई म्हणाली, "पहिलीच सुई."

पण तिने एक पाहिलं. म्हाताऱ्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता, तरी तो उठून गेला नाही. त्याच्या दृष्टीने तो त्याच खुर्चीवर परत येऊन बसला होता, आणि या वेळी मांडीवर पोर होती. कलाबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो झटकला, कारण त्याचं लक्ष पोरीकडे होतं.

अर्धा तास झाला. काही झालं नाही. लीलाबेन म्हणाल्या, जा. धुडकू आणखी थोडा वेळ बसला, त्यांचं घड्याळ पुढं असेल तर म्हणून.

संध्याकाळी पोरीचं अंग कोमट झालं. धुडकू घरभर फिरू लागला. धनश्रीने लीलाबेननी दिलेलं तापाचं औषध पाजलं, पोर झोपली, आणि सकाळी उठून पुन्हा मिशांकडे झेपावली. कलाबाईने पहिल्यांदा निवांत चहा घेतला. मग कपबशी ठेवायला बाहेर आली तर धुडकू ओट्याच्या कोपऱ्यात पाटावर बसलेला. त्याच्यापुढं फरशीवर क्रिशाचं ओलं दुपटं नीट पसरून ठेवलेलं. हातात काठी, कुत्र्यांना लांब ठेवायला.

"हे काय?"

"परीक्षा," धुडकू म्हणाला. "मला लॅबबिब नको. साखर असली तर मुंग्या येतात. नसली तर येत नाहीत. ही कोणत्या कंपनीची नाही."

"हे तुम्हाला कोणी शिकवलं? त्या गाडीतल्यानं?"

"कोणी कशाला शिकवायला पाहिजे? माझ्या वेळी यायच्या ना. कारखान्यामागं भिंतीपाशी आम्ही जायचो, तर माझ्याच जागेवर मुंग्यांची रांग. बळीराम काय हसायचा! रोज आम्ही नोटा बदलायला बँकेच्या रांगेत, आणि हा म्हणायचा, धुडक्या, बँकेपेक्षा तुझ्या भिंतीला गर्दी जास्त शे."

कलाबाईने कपबशी खाली ठेवली.

"नोटा कधी बंद झाल्या होत्या?"

"झाल्या ना. त्या दिवाळीनंतर."

"करोनाच्या आधी."

"मग! कितीतरी आधी. चार-पाच वर्षं. सुई तर करोनात…"

तो थांबला. काठी हातात तशीच होती. गल्लीत कुणाची तरी रिक्षा सुरू होत नव्हती. तिचा मालक तिला गुजरातीत समजावत होता. धुडकू दुपट्याकडे बघत होता, मग त्याची नजर सरकत सरकत स्वतःच्या डाव्या पायावर आली.

कलाबाईजवळ या क्षणासाठी वाक्यं तयार होती. चार वर्षांची साठलेली, घासूनपुसून ठेवलेली. ती तिने तशीच राहू दिली. ती त्याच्या शेजारी ओट्यावर टेकली.

"म्हणजे तेव्हापासूनच होती?" धुडकू म्हणाला.

"असंल."

"तेव्हाच कोणी तपासली असती तर…" त्याने पाय चपलेत ओढून घेतला. "बोट राहिलं असतं?"

"काय माहीत. राहिलं असतं कदाचित."

धुडकूने बऱ्याच वेळा मान हलवली. घरात क्रिशा ताटली आपटत होती. त्याने एकदा तिकडे पाहिलं, नाक पुसलं, सदऱ्याची बाही सारखी केली, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर जुना रंग परत येताना कलाबाईला दिसला. ती ओळखून होती. तिने मनातल्या मनात कपाळाला हात लावून ठेवला.

"पण तेव्हा थोडी असंल," धुडकू म्हणाला. "सुईनं वाढवली."

कलाबाईने कपबशी उचलली.

"वाढवली असंल," ती म्हणाली. "आजची गोळी घेतली?"

"घेतो." थोडं थांबून त्याने विचारलं, "पोरीची पुढची सुई कधी शे?"

"सोळाव्या महिन्यानंतर."

"मला सांग. मी येतो. तुम्हा बायांचं लक्ष नसतं, गप्पा मारत बसता."

"सांगते. ते दुपटं उचला आता, ऊन आलं. माले गहू काढायचे आहेत."

"थांब ना जरा," धुडकू काठी सरसावत म्हणाला. "मुंग्या लांबून येतात."